स्टोइक रोजनिशी: दीड हजारांची डायरी की दोनशे पानी वही?

ऑनलाइन दुकानात ‘स्टोइक जर्नल’ (स्टोइक हा प्राचीन ग्रीस-रोममधला एक तत्त्वज्ञानपंथ) असे टाकले की पाचशेपासून दीड हजार रुपयांपर्यंतच्या डायऱ्यांची रांग लागते. काळे रेक्झिन, त्यावर सोनेरी छापातला दाढीवाला रोमन सम्राट, आत रेशमी फीत आणि पानोपानी सुविचार. नोकरी गेलेल्याला, घर मोडलेल्याला, तिसऱ्यांदा परीक्षेत अडकलेल्याला भेट म्हणून हल्ली हीच दिली जाते. इथे कुठल्या एका कंपनीचे नाव घेतलेले नाही, कारण आतला माल बव्हंशी सारखाच असतो. फरक असतो तो बांधणीत आणि प्रश्नांच्या मांडणीत, आणि पाहायचे नेमके तेच असते.

निकाल आधी. रोज नवा प्रश्न विचारणारी ३६५ दिवसांची डायरी: पाचपैकी दोन. रोज तेच पान असलेली, तारखा न छापलेली डायरी: साडेतीन. फोनवरचे अ‍ॅप: दीड. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातली दोनशे पानी शिवलेली वही, पहिल्या पानावर पाच ओळी हाताने लिहून: चार. पाच कुणालाच नाहीत. स्टोइक गुरू एपिक्टेटस याच्या निकोपोलिसच्या शाळेत चूक दाखवायला समोर गुरू असे, वहीत तो नसतो.

३६५ प्रश्नांच्या डायरीला दोनच गुण का, ते आधी सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त खपते तीच. डायऱ्यांवर छापतात तो मार्कस ऑरेलियस इ. स. १६१ ते १८० रोमचा सम्राट होता. साम्राज्यात साथ पसरलेली, डॅन्यूबच्या काठी वर्षानुवर्षे लढाया चाललेल्या. त्याच्या टिपणांचे बारा भाग आहेत. त्यांत एके ठिकाणी डॅन्यूबपलीकडच्या क्वाडी टोळ्यांच्या मुलखात लिहिल्याची नोंद सापडते, दुसरीकडे कार्नुन्टम या लष्करी तळाची, म्हणजे हे लिखाण छावणीतले. दुसऱ्या कुणी वाचावे म्हणून त्याने ते लिहिलेले दिसत नाही. आज वाचायला घेणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते की हा माणूस तेच तेच लिहितो. लोक असेच वागणार, मरण लांब नाही, दुखते ते घटनेमुळे नाही तर तिच्याविषयी बांधलेल्या मतामुळे: हे पुन्हा पुन्हा येते. तक्रार खरी आहे, पण पद्धतच ती आहे. रियाजाला बसलेला गवई रोज नवा राग धरत नाही, तेच पलटे घोटतो. डायरी विकणाऱ्याची अडचण अशी की तोच प्रश्न ३६५ वेळा छापला तर गिऱ्हाईक म्हणेल, पैसे कसले घेतले? म्हणून सोमवारी धैर्य, मंगळवारी कृतज्ञता, बुधवारी ‘तुमचा आदर्श कोण’. वाचायला छान वाटते. पण खरी अडचण येते त्या दिवशी हाताशी यायला हवा असा एकही प्रश्न तोवर तोंडपाठ झालेला नसतो.

तोंडपाठ असण्याला काय किंमत आहे, याचा विसाव्या शतकातला दाखला जेम्स स्टॉकडेलचा. अमेरिकन नौदलाचा हा वैमानिक सप्टेंबर १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर पाडला गेला आणि १९७३ पर्यंत कैदेत राहिला. कैदेत ना पुस्तक ना वही. एपिक्टेटस त्याने आधी विद्यापीठात वाचलेला होता, आणि त्यातले जे डोक्यात बसले होते त्यावर त्याने ती वर्षे काढली. एपिक्टेटसच्या शिकवणीचा जो छोटा सारसंग्रह त्याचा शिष्य एरियन याने केला, त्याचा हेतूही हाच होता: वेळेला हाताशी असावा. स्वतः एपिक्टेटस गुलाम म्हणून वाढलेला आणि पायाने अधू. त्याने आपल्या हाताने काहीच लिहिलेले नाही.

आता छापील पानावरचे रकाने एकेक पाहू.

बहुतेक डायऱ्यांत वरच दोन रकाने असतात, ‘माझ्या ताब्यात’ आणि ‘माझ्या ताब्याबाहेर’. विभागणी अस्सल आहे, त्या सारसंग्रहाचे पहिलेच प्रकरण हे आहे. मात्र एपिक्टेटसची वाटणी भलतीच कडक आहे. आपल्या हातात काय? मत, करण्याची प्रेरणा, इच्छा, नावड. हातात नाही त्या यादीत शरीर, मालमत्ता, लौकिक, हुद्दा. म्हणजे तब्येतसुद्धा ताब्याबाहेर! डायरीत हे नीट सांगितलेले नसते. त्यामुळे लोक ‘माझ्या ताब्यात’खाली ‘वजन कमी करणे’, ‘साठ टक्के मिळवणे’, ‘मुलाला जहाजावर नोकरी लावणे’ असे लिहून मोकळे होतात. महिन्याभरात यातले काही झाले नाही की राग स्टोइकांवर निघतो.

एक पान भरूनच पाहू. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या. पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून काम परत बंद पडले. डिचोली, साखळी, सांगे, केपे भागात दारात उभा ट्रक आणि डोक्यावर कर्ज अशी घरे त्या काळात कमी नव्हती. अशा ट्रकमालकाने रकाने कसे भरावेत? बाहेर: न्यायालयाचा निकाल, खनिजाचा भाव, बँकेचा व्याजदर, शेजारी काय म्हणतात ते. इथवर कुणी चुकत नाही. चूक होते ती ‘माझ्या ताब्यात’च्या रकान्यात. ‘ट्रक विकणे’ असे लिहिले की ते ताब्यात आल्यासारखे वाटते, पण गिऱ्हाईक मिळणे न मिळणे हातात नाही. हातात आहे ते ‘ट्रक विकायला काढणे’. तसेच ‘कर्जाचे हप्ते बांधून घेणे’ हातात नाही, ‘सोमवारी कागदपत्रे घेऊन बँकेत जाणे आणि विचारणे’ हातात आहे. ‘बायकोला काळजी वाटू न देणे’ हातात नाही, ‘थकबाकीचा आकडा तिच्यापासून न लपवणे’ आहे. कसोटी सोपी: वाक्याचा शेवट दुसऱ्या कुणाच्या होकारावर अवलंबून असेल तर ते वाक्य ‘ताब्याबाहेर’च्या रकान्यात न्यावे, आणि त्याच्या आधीची जी कृती फक्त आपल्या पायांनी आणि तोंडाने होते ती लिहावी.

हा रकाना नीट भरायला साधारण पंधरवडा लागतो. तोवर पान खोडाखोडीने भरते. छापील डायरीच्या गुळगुळीत, सोनेरी कडांच्या पानावर खोडायला हात धजत नाही, हाही तिचा एक दोषच म्हणायचा.

त्याच्या खाली सकाळचा रकाना. मूळ मार्कसच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आहे: आज मला नसत्या चौकशा करणारे, कृतघ्न, उर्मट, कपटी लोक भेटणार, असे सकाळीच स्वतःला सांगून ठेव. एपिक्टेटसचे उदाहरण याहून रोखठोक. सार्वजनिक स्नानगृहात निघालास तर तिथे काय काय होते ते आधी डोळ्यांपुढे आण. कुणी पाणी उडवील, कुणी धक्का देईल, कुणी शिव्या देईल, कुणी कपडे चोरील. मग म्हण, मला दोन गोष्टी हव्यात, अंघोळ आणि मनाचा तोल. या साच्यात आपल्याकडची गोष्ट घालून बघा. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या, खटल्याची तारीख आहे असे समजू. पान असे भरेल:

“अकराला मामलेदार कचेरीत तारीख. समोरची पार्टी यायची नाही. आली तर त्यांचा वकील नसेल. साहेब मीटिंगला गेलेले असतील. पुढची तारीख चतुर्थीनंतरची मिळेल. मला दोन गोष्टी हव्यात: सुनावणी व्हावी, आणि नाही झाली तरी मी घरी येऊन पोरांवर ओरडू नये.”

एवढेच. पाच-सहा ओळी, तीन मिनिटे. यातली दुसरी गोष्ट लिहायची राहिली तर पहिल्या ओळी नुसता रडगाण्याचा पाढा होतात. आणि नेमकी हीच ओळ छापील डायऱ्यांत बहुधा नसते. ‘आज काय बिघडू शकते?’ एवढेच विचारून त्या थांबतात. आधीच काळजीखोर असलेल्या माणसाला हा प्रश्न उघडा ठेवून देणे बरे नव्हे. हा सराव सकाळीच करावा, रात्री कदापि नाही. एका दिवशी एकच प्रसंग घ्यावा, आणि तोही त्या दिवशी खरोखर घडू शकेल असाच. आई मेली तर काय, मूल गेले तर काय, ही मोठी चित्रे स्टोइकांनी रंगवली आहेत खरी, पण ती मुरलेल्यांसाठी. नुकतेच सुतक फिटलेल्या घरात तर हे पान महिनोन्‌महिने कोरे राहिले तरी काही बिघडत नाही.

रात्रीच्या रकान्याबद्दल जरा जास्त बोलायला हवे, कारण कारागिरी खरी तिथे आहे आणि डायऱ्या तिथेच हात आखडता घेतात. बऱ्याच छापील पानांवर सकाळला दोन तृतीयांश जागा आणि रात्रीला खाली तीन ओळी. उलटे हवे होते. सेनेका या रोमन स्टोइकाने रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो सेक्स्टियस नावाच्या जुन्या तत्त्वज्ञाची रीत सांगतो. दिवस संपला की स्वतःला विचारायचे: आज कुठली वाईट खोड आवरलीस? कुठल्या दोषाला अडवलेस? कुठल्या बाबतीत कालच्यापेक्षा बरा आहेस? मग सेनेका स्वतःची पद्धत सांगतो. दिवा नेलेला असतो, त्याची ही सवय माहीत असलेली बायको गप्प झालेली असते, आणि तो सगळा दिवस पुन्हा तपासतो, काही लपवत नाही. (यात कागदाचा पत्ताच नाही हे लक्षात घ्या. दीड हजारांच्या डायरीचा बाप अंधारात, हातात काही न घेता काम करत होता.) त्याने दिलेले नमुनेही घरगुती आहेत: अमक्याशी वाद घालताना तू फार तावातावाने बोललास, तमक्याला सुनावलेस, तर तो सुधारण्याऐवजी दुखावला गेला. आणि पुढे स्वतःलाच सांगतो: पुन्हा असे करू नकोस, या खेपेला तुला माफ केले.

ही माफी छापील डायऱ्यांतून गळालेली आहे. तिच्याजागी येते ‘आज मी कुठे कमी पडलो?’, शेवटी प्रश्नचिन्ह आणि खाली रिकाम्या रेघा. परिणाम काय होतो? सोशिक स्वभावाची माणसे, विशेषतः घरात आजाऱ्याचे करणाऱ्या बायका, त्या रेघांवर स्वतःला रोज बडवून घेतात, आणि दहा-बारा दिवसांत डायरी उशाखालून कपाटात जाते. उपाय साधा आहे. रात्रीच्या नोंदीची शेवटची ओळ आधीच ठरवून टाकावी: “झाले ते झाले. उद्या अमुक करीन.” ‘अमुक’ हे काम असावे, गुण नव्हे. ‘उद्या शांत राहीन’ लिहून भागत नाही. मघाच्या मामलेदार कचेरीच्या दिवसाची रात्रीची नोंद अशी दिसेल:

“तारीख पडली, ऑक्टोबरची. कारकुनावर आवाज चढवला नाही. परतताना बसमधून भावाला फोन केला आणि सगळा राग त्याच्यावर काढला. तो काही कचेरीत बसत नाही. झाले ते झाले. उद्या त्याला फोन करताना आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी, मग तारीख.”

सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला तर समजावे की तपासणी संपून कीर्तन सुरू झाले.

‘मध्ये काही आडवे आले नाही तर’ ही पुस्तीही स्टोइकांनी शिकवलेली आहे. सेनेका म्हणतो, शहाणा माणूस जहाजाने जाईन म्हणताना मनात ‘काही घडले नाही तर’ असे जोडून ठेवतो. हंगामावर पोट असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बांधलेला, किनाऱ्यावरचे शॅक पावसाआधी मोडून ठेवलेले, पर्यटकांच्या खोल्या रिकाम्या. तरीही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वादळी वारा सुटून बंदी संपूनही बोट सुटत नाही तेव्हा चिडचिड होतेच. अशा माणसाने बेत लिहिताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी ही पुस्ती खरोखर शाईने लिहावी. मनात धरतो म्हणून चालत नाही.

आता डायऱ्यांत भरीला घातलेल्या गोष्टी. मनःस्थितीचे पाच हसरे-रडके चेहरे, पाण्याचे आठ पेले, ‘आजच्या तीन आनंदाच्या गोष्टी’: यांचा स्टोइकांशी संबंध बादरायण. नुकसान नाही, पण पानाची तिसरा हिस्सा जागा खातात. सुविचारांची एक पक्की परीक्षा आहे. खाली भाग आणि परिच्छेदाचा आकडा असेल, उदाहरणार्थ मार्कस ५.२०, तर ताडून पाहता येतो. नुसते ‘मार्कस ऑरेलियस’ असे नाव असेल तर जरा जपून, कारण त्याने कधीही न लिहिलेली वाक्ये त्याच्या नावावर बिनदिक्कत फिरतात. एका डायरीतले दहा सुविचार उघडून बघावेत. निम्म्यांना आकडा नसेल तर ती डायरी जुळवाजुळव करणाऱ्याने काढलेली आहे, वाचणाऱ्याने नाही.

कागदाकडे वळू. गोव्यात हा भाग पुस्तकातल्या तत्त्वज्ञानाइतकाच महत्त्वाचा, कारण वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस डायरीलाही सोडत नाही. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते. रेक्झिनच्या कव्हरवर आधी पांढरट बुरशी येते, पुसली तरी आठवड्यात परत. दुसऱ्या पावसाळ्यात कडा सोलवटतात. गोंदाने चिकटवलेली पाठ सादळते आणि मधली पाने सुटी होतात. वरून पाठीकडे पाहिले की कळते: पानांचे छोटे छोटे दुमडलेले गठ्ठे दिसले तर शिवलेली, सलग सपाट दिसली तर नुसती चिकटवलेली. शिवलेलीच घ्यावी. कागद ८० ते १०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) असला तर दोन्ही बाजूंनी लिहिता येते. साध्या वहीचा साठच्या आसपास असतो, त्यावर जेल पेनची शाई पावसाळ्यात पसरते आणि मागे उमटते. तिथे बॉलपेन किंवा एचबी पेन्सिल. फाउंटन पेनचा हट्ट नोव्हेंबर ते मेपर्यंत चालतो. कापडी किंवा जाड पुठ्ठ्याचे कव्हर रेक्झिनपेक्षा बरे टिकते. वही भिंतीला टेकून ठेवू नये, मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीला तर नाहीच. लोखंडी कपाटात, दोन डांबरगोळ्यांसह ठेवावी, नाहीतर कसर लागते. चतुर्थीनंतर ऊन पडले की तासभर सावलीतल्या वाऱ्यावर उघडी धरावी. थेट उन्हात नको, गोंद तडकतो.

अ‍ॅपबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पावसाळ्यात सत्तरी-काणकोणच्या आतल्या गावांत वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, हे एक. दुसरे म्हणजे रात्री तपासणीसाठी हातात घेतलेला फोन तपासणीपाशी थांबत नाही. शिवाय थकबाकी, घरातले भांडण, दारू असल्या गोष्टी लिहिलेली माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते ते बहुतेक अ‍ॅप धडपणे सांगत नाहीत. फुकट म्हणून सुरू होतात आणि जुन्या नोंदी वाचायला पैसे मागतात. सकाळच्या आठवणीपुरती घंटा हवी असेल तर फोनमधला साधा अलार्म पुरतो.

वही स्वतः करायची तर कृती अशी. दोनशे पानी शिवलेली वही, शंभर रुपयांच्या आसपास येते. पहिल्या पानावर पाच ओळी: हातातले काय आणि बाहेरचे काय, आज काय आडवे येईल आणि मला कुठल्या दोन गोष्टी हव्यात, आज कुठली खोड आवरली, कुठे घसरलो, झाले ते झाले आणि उद्या काय. या पाच ओळी पाठ होईपर्यंत रोज वरचे पान उघडून वाचाव्यात. पुढे गरज पडत नाही. डावे पान सकाळचे, उजवे रात्रीचे. म्हणजे शंभर दिवस होतात, साधारण सव्वातीन महिने. तारीख हाताने टाकावी. दिवस चुकला तर पान कोरे सोडू नये आणि मागचे भरूनही काढू नये, सरळ आजची तारीख टाकून पुढे जावे. तारखा छापलेल्या डायऱ्या मध्येच सुटतात त्या यामुळेच: एप्रिलमध्ये सात पाने कोरी दिसली की माणूस शरमेने आठवे उघडतच नाही. लिहायचे मराठीत की कोंकणीत की इंग्रजीत हा वाद इथे नको. भांडताना तोंडातून जी भाषा येते तिच्यात लिहावे.

रागासाठी वेगळे पान लागत नाही. एपिक्टेटसची युक्ती आहे: आधी रोज रागावत होतो, मग दिवसाआड, मग दोन दिवसांआड, तीन दिवसांआड, तीस दिवस निभावले तर देवाला नैवेद्य दाखव. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर राग आलेल्या तारखेला बारीक फुली मारावी. फुल्या मोजायच्या नाहीत, दोन फुल्यांमधले अंतर वाढते का तेवढे पाहायचे. घरच्यांना फुलीचा अर्थ सांगू नये, नाहीतर तेच मारायला लागतात.

काही डायऱ्यांसोबत ‘स्वेच्छेने कष्ट’ नावाची आव्हानांची पुस्तिका येते: थंड पाण्याची अंघोळ, जमिनीवर झोपणे वगैरे. मूळ सेनेकाच्या अठराव्या पत्रात. डिसेंबर चालू आहे, सगळे रोम सणाच्या धांदलीत आहे, आणि तो मित्राला सांगतो की अधूनमधून काही दिवस अगदी स्वस्त, थोडे अन्न आणि जाडेभरडे कपडे यांवर काढ आणि स्वतःला विचार, मी भीत होतो ते हेच का? तीन-चार दिवस, कधी जास्त. आपल्याकडे याची सोय घरातच आहे. चतुर्थीच्या खर्चाची धास्ती बसते त्याच्या आधीच्या पंधरवड्यात तीन दिवस उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, दोन्ही वेळा. बाहेरचा चहा बंद, नवी खरेदी बंद. चौथ्या दिवशी घरखर्चाचा किमान आकडा किती हे कागदावर उतरते, आणि भीती बरीचशी आकड्याची नसून अंदाज नसल्याची होती हे दिसते. मधुमेह असलेल्यांनी, गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर बायकांनी अन्नाचा भाग वगळावा, खरेदी बंदीवर भागवावे. आणि याचा फोटो कुठेही टाकू नये. पुतळ्यांना मिठ्या मारून थंडी सोसण्याचे प्रदर्शन करू नकोस, असे एपिक्टेटसने बजावून ठेवलेले आहे.

ही पद्धत कुठे चालत नाही तेही मालाच्या वेष्टनावर छापायला हवे होते. मार खाणाऱ्या बाईने ‘नवऱ्याचे वागणे माझ्या ताब्याबाहेर’ असे लिहून सोसत राहणे हे स्टोइक नाही. त्यांच्या चार मुख्य गुणांत शहाणपण आणि संयमाबरोबर न्याय आणि धैर्यही आहे, आणि घर सोडणे किंवा पोलिसांत जाणे ‘हातात’च्याच रकान्यातले काम आहे. तसेच मजुरी बुडवणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध तक्रार न करण्याला मार्कसचा आधार शोधू नये. दुसरी मर्यादा औदासीन्याची. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, जेवण सुटलेले, कशातच मन नसलेले असेल तर रात्रीची तपासणी बंद करावी. आजारी मन तिचा वापर स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करायला करते. अशा वेळी गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येते. जगण्यावरच पाणी सोडावेसे वाटत असेल तर वहीची वाट न पाहता लगेच फोन करावा. गंमत अशी की तिथे विचार तपासायला शिकवतात त्याचे मूळही थोडेफार एपिक्टेटसपाशी जाते: १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी करणाऱ्या अल्बर्ट एलिसने त्याचे ऋण उघड मान्य केले आहे. फरक इतकाच की तिथे समोर माणूस असतो.

तरीही छापील डायरीच घ्यायची असेल, कुणाला द्यायला म्हणून किंवा रिकाम्या पानाचा धाक वाटतो म्हणून, तर तारखा नसलेली, रोज तेच पान असलेली, शिवलेली, ९० ते १२० दिवसांची घ्यावी. पार्सल आल्या दिवशी परतीची मुदत पाहून घ्यावी आणि मधले एक पान पूर्ण उघडून टेबलावर सपाट ठेवून बघावे. आपोआप मिटत असेल तर रात्री आडवे पडून लिहिणे जमणार नाही, परत पाठवावी. ३६५ प्रश्नांची आधीच घरात येऊन पडली असेल तर टाकून द्यायचे कारण नाही. प्रत्येक पानावरच्या प्रश्नावर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवावी, चेहऱ्यांच्या जागी रात्रीच्या ओळी ओढाव्यात आणि शेवटची ओळ लिहायला दोन बोटे जागा राखावी. पट्ट्यांना पिठाची खळ वापरू नये, पावसाळ्यात तिला मुंग्या लागतात.